विवर्धक आणि भोंगा : भाराचा मेळ कसा घालावा

पंचायत घराच्या छपरावर चढविलेला भोंगा ही गोव्यातील खेड्यांना आता अपरिचित वस्तू राहिलेली नाही. ग्रामसभेची सूचना, लसीकरणाचा दिवस, नळाचे पाणी बंद राहण्याची वेळ, शाळेची प्रार्थना, देवळाची जत्रा आणि जत्रेतील नाटक या सर्वांना ध्वनिवर्धक यंत्रणा लागते. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर येऊन सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील सखल भागांत पाणी शिरले. नदीकाठच्या वाड्यावर अशा रात्री दिलेली सूचना शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेली की नाही, यावर माणसांची आणि जनावरांची सुरक्षितता अवलंबून असते.

गोव्यातील गाव सहसा एका ठिकाणी दाटीने वसलेले नसते. ते वाड्यावाड्यांतून विखुरलेले असते आणि दोन वाड्यांमध्ये शेते, कुळागरे व माडांच्या बागा पसरलेल्या असतात. त्यामुळे पंचायत घरातून दूरच्या वाड्यावर आवाज न्यायचा तर तारेची लांबी वाढते. येथूनच अडचणीला सुरुवात होते. दूरचा भोंगा मंद वाजतो, म्हणून आणखी दोन भोंगे जोडले जातात. तेही मंद वाजतात आणि विवर्धक, म्हणजे ज्याला सर्वजण ॲम्प्लिफायर म्हणतात ते यंत्र, तापू लागतो. मग वितळतार जाते. ती जाड घातली की ऐन उत्सवाच्या रात्री विवर्धकच जळतो. पुढील बैठकीत 'मशीन हलके होते' असा निष्कर्ष निघून दुप्पट वॅटचे नवे यंत्र घेण्याचा ठराव होतो. बहुतेक प्रसंगी यंत्र हलके नसते. त्याला जोडलेला भार त्याच्या मापाचा नसतो, हे दुखण्याचे मूळ होय.

यंत्राच्या पाठीवरील आकडे

सार्वजनिक वापराच्या विवर्धकाच्या पाठीमागे जोडणीच्या खुंट्यांची एक ओळ असते. तिच्यावर सामाईक, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशा खुणा आढळतात. '८ ओहम' या खुणेचा अर्थ 'विवर्धकाचा स्वतःचा रोध ८ ओहम आहे' असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. या खुंटीला ८ ओहमचा भार जोडला असता विवर्धक आपली पूर्ण शक्ती सुरक्षितपणे देऊ शकेल, एवढाच त्या खुणेचा अर्थ आहे. विवर्धकाचा आतला रोध किती, हे ती खूण सांगतच नाही. या एका गैरसमजातून पुढील बऱ्याच चुका निघतात.

येथे 'रोध' आणि 'संरोध' या दोन शब्दांतील भेद पाहिला पाहिजे. तारेतून स्थिर प्रवाह जाताना जी अटकाव करणारी शक्ती आढळते, तिला रोध म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम याने १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध प्रसिद्ध केला. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. मात्र भोंग्याच्या युनिटात तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत हलत असते आणि त्यातून जाणारा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो. अशा प्रवाहाला होणारा एकूण अटकाव साध्या रोधापेक्षा वेगळा असतो व तो आवाजाच्या पट्टीनुसार कमीजास्त होतो. त्याला संरोध म्हणतात, आणि कारागिरांच्या बोलीत इंपीडन्स. हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज अभियंत्याने १८८६ मध्ये रूढ केला.

युनिटावर छापलेले '८ ओहम' हे या बदलत्या संरोधाचे ठोकळ माप आहे. मल्टिमीटरने मोजल्यास त्याच युनिटाचा रोध सहा ते सात ओहमच्या दरम्यान दिसतो. ते पाहून युनिट बिघडल्याचे समजू नये. मीटर स्थिर प्रवाहाने मोजतो आणि त्यामुळे त्याला केवळ तारेचा रोध दिसतो.

विद्युत घटाचा धडा

विवर्धक आणि भार यांचे नाते समजण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील साधा घट पुरेसा आहे. प्रत्येक घटाच्या आत काही अंतर्गत रोध असतो. नव्या कोरड्या घटाचा दाब मोकळ्या स्थितीत १.५ व्होल्ट भरला आणि ५ ओहमचा रोधक जोडताच तो १.४ व्होल्टवर उतरला, असे समजू. रोधकातून ०.२८ ॲम्पियर प्रवाह जात आहे आणि ०.१ व्होल्ट घटाच्या आतच खर्ची पडत आहे. म्हणून अंतर्गत रोध सुमारे ०.३६ ओहम ठरतो. इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांकडून नवा घट आणि वापरून थकलेला घट यांवर हा प्रयोग शेजारी शेजारी करवून घेता येतो. मोकळ्या स्थितीत थकलेला घटही बरा दाब दाखवतो, मात्र भार पडताच त्याचा दाब कोसळतो. त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, हे त्याचे कारण.

आता ६ व्होल्ट दाबाची आणि ३ ओहम अंतर्गत रोधाची एक घटमाला घेऊ. तिला १ ओहमचा भार जोडल्यास दीड ॲम्पियर प्रवाह वाहतो. भाराला २.२५ वॅट मिळतात आणि ६.७५ वॅट घटमालेच्या आत उष्णतेच्या रूपाने वाया जातात. भार ३ ओहमचा केल्यास प्रवाह १ ॲम्पियर होतो. भाराला ३ वॅट व आत ३ वॅट अशी समसमान वाटणी होते. भार ९ ओहमचा केल्यास प्रवाह अर्धा ॲम्पियर उरतो, भाराला पुन्हा २.२५ वॅटच मिळतात, पण आत केवळ ०.७५ वॅट वाया जातात.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. भाराचा रोध स्रोताच्या रोधाइतका असताना भाराला अधिकात अधिक शक्ती मिळते, ही पहिली. सेंट पीटर्सबर्ग येथे विद्युत चलित्रांवर काम करणाऱ्या मॉरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम १८४० च्या सुमारापासून ओळखला जातो. दुसरी गोष्ट अशी की त्या स्थितीत निम्मी शक्ती वाया जाते. अधिक शक्ती मिळविणे आणि शक्ती कमीत कमी वाया घालविणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. त्या काळच्या कित्येक अभियंत्यांनी या दोहोंची गल्लत केली आणि कोणतेही विद्युत यंत्र निम्म्याहून अधिक कार्यक्षम असूच शकत नाही, असे मानले. १८७९ च्या सुमारास एडिसन व त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी अंतर्गत रोध अतिशय कमी असलेले जनित्र बनवून ही समजूत खोटी ठरविली. आज घरातील दिव्याचा रोध वीज केंद्राच्या रोधाशी जुळविण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. भोंग्याच्या बाबतीत मात्र 'ओहमला ओहम जुळला पाहिजे' हे वाक्य आजही अर्धवट समजून उच्चारले जाते.

विवर्धकाची मर्यादा

ट्रान्झिस्टरवर चालणारा आजचा विवर्धक एडिसनच्या जनित्राच्या जातीचा आहे. त्याचा अंतर्गत, म्हणजेच निर्गम संरोध ओहमच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी ठेवलेला असतो. घटासाठी वापरलेली रीत येथेही चालते. विवर्धकाला एकसुरी ध्वनी देऊन बाहेरचा दाब भाराविना ४ व्होल्टवर ठेवावा आणि मग ८ ओहमचा रोधक जोडावा. दाब ३.९५ व्होल्ट झाला तर अंतर्गत संरोध सुमारे ०.१ ओहम आहे. हा भाग ८ ओहमच्या मानाने इतका लहान असल्यामुळे जवळजवळ सर्व शक्ती भोंग्याला पोहोचते. त्याचा दुसराही एक लाभ आहे. सूर थांबल्यानंतर ध्वनिक्षेपकाचा पडदा काही क्षण डुलत राहतो. कमी संरोधाचा स्रोत त्या डुलण्याला वेसण घालतो आणि शब्द स्पष्ट उमटतात.

तर मग ०.१ ओहमचा भार जोडून अधिकात अधिक शक्ती का घेऊ नये? त्याचे उत्तर हिशेबातच आहे. विवर्धक ८ ओहमला ५० वॅट देतो तेव्हा त्याचा दाब २० व्होल्ट आणि प्रवाह अडीच ॲम्पियर असतो. भार ४ ओहमवर उतरला की त्याच दाबाला प्रवाह ५ ॲम्पियर होतो, २ ओहमवर १० ॲम्पियर. आतील ट्रान्झिस्टर, वीजपुरवठ्याचे रोहित्र आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे एवढ्या प्रवाहासाठी बनविलेले नसतात. बैलाला अधिक ओझे ओढता येते म्हणून गाडी दुप्पट भरली तर कधी बैल बसतो, कधी आख मोडतो. विवर्धकाचेही तसेच होते. म्हणून मेळ घालणे याचा व्यवहारातील अर्थ दोन संरोध समान करणे असा नाही. यंत्र ज्या भारासाठी आखले आहे त्याहून कमी ओहमचा भार त्याच्यावर न टाकणे, असा तो आहे. ओहम कमी म्हणजे ओझे जास्त, ही उलटी चाल नवशिक्या कारागिराच्या ध्यानात लवकर येत नाही.

८ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की एकूण भार ४ ओहम होतो, चार जोडले की २ ओहम. ८ ओहमच्या खुंटीवर चार भोंगे लावल्यास यंत्र जळते ते यामुळेच. चार भोंगे वापरायचे असल्यास दोन-दोन एकसरी जोडावेत आणि त्या दोन जोड्या समांतर बांधाव्यात. असे केल्याने एकूण भार पुन्हा ८ ओहम होतो. या रीतीत एक उणीव राहते. एकसरीतील एक युनिट तुटले तर त्याचा जोडीदारही मुका होतो.

जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकाची गोष्ट वेगळी होती. शक्ती देणाऱ्या नलिकांच्या जोडीला आठ हजार ओहमच्या आसपास भार लागत असे आणि भोंगा तर ८ ओहमचा. या दोहोंमध्ये निर्गम रोहित्र मध्यस्थाचे काम करी. रोहित्राच्या वेढ्यांचे गुणोत्तर ज्या पटीत असेल, त्या पटीच्या वर्गाने संरोध बदलतो. आठ हजार आणि ८ यांचे प्रमाण हजारास एक, म्हणून वेढ्यांचे प्रमाण सुमारे ३२ ला १ ठेवावे लागे. असा विवर्धक भार न जोडता मोठ्या आवाजात चालविला तर रोहित्रात दाब उसळून त्याचे विसंवाहन फुटण्याची भीती असे. जुने जाणते कारागीर 'स्पीकरशिवाय मशीन चालू करू नये' असे बजावतात, ते त्या अनुभवावरून. नेहमीच्या ट्रान्झिस्टर यंत्राला भार नसण्याने सहसा अपाय होत नाही. त्याचा खरा वैरी तारांचा एकमेकींना स्पर्श, म्हणजे शॉर्ट, हा होय. दोन पिढ्यांच्या यंत्रांचे पथ्य असे परस्परविरुद्ध असल्यामुळे एकाचा उपदेश दुसऱ्याला लावण्यापूर्वी विचार करावा.

तारेत हरवणारा आवाज

आता मूळ प्रश्नाकडे, दूरच्या वाड्याकडे, वळू. पंचायत घरापासून २०० मीटरवरील देवळाजवळ ८ ओहमचा एक भोंगा लावायचा आहे आणि त्यासाठी १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची दुपदरी तार आणली आहे, असे धरू. प्रवाहाला जाऊन परत यावयाचे असल्याने तारेची खरी लांबी ४०० मीटर भरते. अशा तारेचा रोध मीटरला ०.०१७२ ओहम, म्हणजे एकूण सुमारे ६.९ ओहम होतो. भोंगा ८ ओहमचा आणि तारच जवळजवळ ७ ओहमची! २० व्होल्ट दाबाने या साखळीतून १.३४ ॲम्पियर प्रवाह वाहतो. भोंग्याला सुमारे १४.४ वॅट मिळतात आणि १२.४ वॅट माडांच्या रांगेवर टांगलेल्या तारेला ऊब देण्यात खर्ची पडतात. ज्या यंत्राला ५० वॅटचे म्हणून पैसे मोजले, त्याचा तिसरा हिस्साही देवळापर्यंत पोहोचत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तरी भोंग्याला २८ वॅटच्या आतच शक्ती मिळते, आणि तांब्याचा खर्च अडीच पट होतो.

वीज खात्यापुढेही हीच अडचण होती. उपकेंद्रापासून गावापर्यंत २३० व्होल्टवर वीज आणल्यास ती वाटेतच संपली असती. म्हणून ती ११,००० व्होल्टवर आणून गावाच्या सीमेवरील रोहित्रात उतरविली जाते. दाब वाढविला की तीच शक्ती कमी प्रवाहाने नेता येते, आणि तारेतील नाश प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तो झपाट्याने घटतो. विवर्धकावरील '१०० व्होल्ट' ही खुंटी याच तत्त्वावर बसविलेली आहे. पूर्ण आवाजाच्या वेळी तेथे १०० व्होल्ट दाब मिळतो. प्रत्येक भोंग्यापाशी एक लहान रोहित्र बसवून तो पुन्हा युनिटाला मानवेल इतका उतरविला जातो. बाजारात या रोहित्राला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणतात. काही भोंग्यांत ते आतच बसविलेले असते.

वरील भोंग्याला ५० वॅट देणारे असे रोहित्र जोडले तर तारेच्या बाजूने तो २०० ओहमचा दिसतो. १०० चा वर्ग दहा हजार, त्याला ५० ने भागले की हा आकडा येतो. वेढ्यांचे प्रमाण ५ ला १ असल्यामुळे ८ ओहमचे २५ पटीने २०० ओहम होतात, असेही म्हणता येईल. तारेचे ६.९ ओहम आता २०० पुढे नगण्य ठरतात. प्रवाह अर्ध्या ॲम्पियरहून कमी होतो, भोंग्याला ४६.७ वॅट मिळतात आणि तारेत केवळ १.६ वॅट जातात. रोहित्रातील थोडासा नाश या हिशेबात धरलेला नाही, पण त्याने चित्र बदलत नाही. तीच तार, तोच भोंगा, त्याच शक्तीचे यंत्र, आणि पोहोचणारी शक्ती तिपटीहून अधिक. ८ ओहमच्या जोडणीवर हाच परिणाम साधण्यासाठी सुमारे १६० वॅटचा विवर्धक घ्यावा लागला असता आणि त्यातले ४० वॅट तारेतच गेले असते. पंचायतीच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी नव्या यंत्राच्या दरपत्रकावर सही करण्यापूर्वी हे आकडे एकदा पडताळून पाहावेत.

या पद्धतीत भाराचा हिशेबही सोपा होतो. ओहमची बेरीज-वजाबाकी सोडून केवळ वॅटची बेरीज करावी लागते. रोहित्राला १०, २०, ३० वॅट अशा निरनिराळ्या खुंट्या असतात. १२० वॅटच्या विवर्धकावर पंचायत घरापाशी २०, शाळेपाशी २०, देवळाच्या पटांगणावर ३० आणि नदीकाठच्या वाड्यावर ३० अशी मांडणी केली तर बेरीज १०० वॅट होते आणि थोडी जागा शिल्लक राहते. अशी शिल्लक ठेवणे अगत्याचे आहे. सर्व भोंगे समांतरच जोडावयाचे असल्यामुळे एक बंद पडला तरी इतर चालू राहतात. एखाद्या घराच्या अगदी समोर भोंगा येत असेल व तेथे आजारी माणूस असेल तर त्या भोंग्याची तार १० वॅटच्या खुंटीवर सरकवावी. बाकीच्यांचा आवाज होता तसाच राहतो.

चुका मात्र या पद्धतीतही होतात. रोहित्र नसलेला ८ ओहमचा भोंगा थेट १०० व्होल्टच्या तारेवर अडकविला तर तो हिशेबाने १,२५० वॅटची मागणी करतो. मग यंत्राची संरक्षण व्यवस्था तरी तुटते किंवा युनिटाचे वेटोळे तरी जळते. याच्या उलट, ५० वॅटच्या खुंटीवर रोहित्र लावलेला भोंगा ८ ओहमच्या खुंटीला जोडला तर त्याला अवघे २ वॅट मिळतात. त्याचा आवाज येतो, पण आजाऱ्याच्या कण्हण्यासारखा. असा मंद आवाज आढळल्यास यंत्र दुरुस्तीला पाठविण्यापूर्वी जोडणीची खुंटी तपासावी. ८ ओहम आणि १०० व्होल्ट या दोन्ही खुंट्या एकाच वेळी वापरण्याचा मोहही टाळावा. शक्ती एकाच कोठारातून येते.

रोहित्र जोडलेल्या तारेचा भार साध्या मल्टिमीटरने कळत नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. मीटरला रोहित्राच्या गुंडाळीचा स्थिर रोध तेवढा दिसतो आणि तो खऱ्या संरोधापेक्षा फारच कमी असतो. त्यावरून शॉर्ट असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. एकूण भार मोजण्यासाठी संरोधमापक उपकरण लागते. ते नसेल तर खुंट्यांवरील वॅटची बेरीज हाच विश्वासार्ह मार्ग आहे. तसेच फार खर्जातील ध्वनीला लहान रोहित्राचा संरोध एकदम घसरतो आणि भोंग्याच्या पडद्यालाही त्या पट्टीत आधार नसतो. बोलणे समजण्यास सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचा पट्टा पुरेसा होतो. म्हणून सूचना देताना 'बेस' ची कळ खाली ठेवणे यंत्राच्या आणि श्रोत्यांच्या, दोघांच्याही हिताचे असते.

वॅट आणि कान

वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही समजूतही काढून टाकली पाहिजे. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते आणि कानाला तो फरक माफकच वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सर्वसाधारणपणे दहापट शक्ती लागते. याउलट भोंग्याचे तोंड योग्य दिशेला फिरविणे आणि तो घरांच्या छपरांच्या वर, पण माडांच्या झावळ्यांच्या आड न येईल असा बसविणे याला काहीच खर्च नाही. मोठे यंत्र घेताना कायद्याचाही विचार करावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक जागी उघड्यावर त्याचा वापर सामान्यतः वर्ज्य आहे, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातलेली आहे. संकटकाळच्या सूचनेला नियमांत सवलत आहे.

रेडिओतील मेळ

ध्वनीच्या तारेत समान संरोधाचा आग्रह नसतो, मग रेडिओच्या अभियंत्यांना ५० आणि ७५ ओहम या आकड्यांचे एवढे महत्त्व का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर तरंगलांबीत आहे. सेकंदाला हजार कंपनांच्या विद्युत तरंगाची लांबी अवकाशात ३०० किलोमीटर असते. तिच्यापुढे गावातील २०० मीटर तार म्हणजे बिंदूच. पण १०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एफ. एम. केंद्राचा तरंग अवघा ३ मीटरचा असतो. तार तरंगाच्या तुलनेत लांब झाली की तिच्या टोकाशी भार जुळत नसल्यास तरंगाचा काही भाग परत फिरतो. खांबाला बांधलेल्या दोरीला झटका दिला की लाट खांबावर आपटून मागे येते, तसाच हा प्रकार होय. ७५ ओहमच्या तारेला ३०० ओहमचा आकाशक सरळ जोडला तर ३६ टक्के शक्ती परावर्तित होते.

छपरावरील आकाशकाच्या काळात दूरदर्शनच्या चित्राशेजारी कधी कधी फिकट दुसरे चित्र दिसे. त्याचे एक कारण डोंगरावरून परतणारा तरंग हे असे आणि दुसरे कारण तारेतील हा बेमेळ. दुमडलेल्या आकाशकाचा ३०० ओहमचा संरोध आणि समाक्ष तारेचे ७५ ओहम यांची सांगड घालण्यासाठी काडेपेटीहून लहान असे एक रोहित्र बसविलेले असे. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण २ ला १, म्हणजे संरोधाचे ४ ला १. प्रेषकाच्या बाबतीत परावर्तित शक्ती प्रेषकाच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन आदळते व तो तापवते. म्हणून तेथे आकाशक जुळविल्याखेरीज प्रेषक पूर्ण शक्तीने चालवीत नाहीत.

पावसाळ्यापूर्वी

किनारपट्टीच्या खाऱ्या आणि दमट हवेत तांब्याच्या उघड्या सांध्यावर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो आणि एकेका सांध्याचा रोध वाढत जातो. पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा येथे टिकत नाही. सांधे डाख लावून पक्के करावेत आणि पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवावेत. माडाच्या खोडाला बांधलेली तार वाऱ्याने घासून उघडी पडते आणि ओल्या खोडावर दोन्ही पदर एकत्र येतात. मग एका ठिकाणच्या शॉर्टमुळे सगळी ओळ मुकी होते. यासाठी पंचायत घरातच ओळीचे दोन किंवा तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र कळ बसवावी. दोष आला की एक एक भाग तोडून तो कोणत्या वाड्यावर आहे हे काही मिनिटांत सापडते, आणि उरलेल्या वाड्यांना सूचना देता येते. वीज खात्याच्या खांबांवरून ही तार कधीही नेऊ नये. १०० व्होल्टचा दाब शरीरालाही धोकादायक आहे, म्हणून यंत्र चालू असता खुंट्यांना हात लावू नये.

विवर्धकाच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवून ठेवावा. त्यावर प्रत्येक भोंग्याची जागा, त्याच्या रोहित्राची खुंटी किती वॅटची, तारेची लांबी आणि जाडी, सर्व वॅटची बेरीज आणि यंत्राची क्षमता यांची नोंद असावी. पंचायत सचिवाची बदली होते, कारागीर बदलतो, जत्रेच्या दिवशी मंडळाचा एखादा उत्साही तरुण आपला भोंगा घेऊन येतो. तो जोडण्यापूर्वी बेरजेच्या रकान्यात त्याचे वॅट लिहून पाहावेत आणि बेरीज यंत्राच्या क्षमतेच्या आत राहत असेल तरच तार खुंटीला लावावी.